‘वीस टक्के गळती’ या आकड्याविषयी

शहराच्या पाणीपुरवठ्याविषयी वृत्तपत्रात काही छापून आले की त्यात एक आकडा हमखास असतो: गळती इतके टक्के. आकडा तीसचा असो वा चाळीसचा, वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. हाच आकडा मग परिसर अभ्यासाच्या तासाला येतो, निबंधस्पर्धेत येतो आणि गळक्या नळाच्या चित्राखाली भित्तिपत्रकावरही येतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली नागरी सेवांच्या मानकांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. माणशी दररोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, सर्व जोडण्यांना मीटर ही त्यातली पाणीपुरवठ्याची काही मानके. त्यांच्याच रांगेत ‘महसूल न देणारे पाणी’ २० टक्के असावे, हेही एक मानक आहे. तेव्हापासून ‘वीस टक्के’ ही जणू उत्तीर्ण होण्याची रेषा झाली आहे.

या पुस्तिकेचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. किती पाणी सोडले आणि किती पाण्याचे बिल झाले, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला तिने नगरपालिकांना भाग पाडले. शिवाय दिलेली माहिती कितपत विश्वासार्ह आहे याची श्रेणीही तिने मागितली. ही सोय चांगली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. माझा आक्षेप टक्केवारीच्या मापाला आहे. नळांच्या जाळ्याची प्रकृती या मापाने कळत नाही. कित्येकदा ते उलटेच निदान करते. शाळेत तर हे माप जसेच्या तसे नेऊ नये असे माझे मत आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. ‘महसूल न देणारे पाणी’ म्हणजे गळती नव्हे. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी रीत रूढ केली, तिच्यात या पाण्याचे तीन वाटे आहेत. अग्निशमन, सार्वजनिक नळकोंडाळी यांसारखा रीतसर पण बिल न होणारा वापर हा एक. चोरून घेतलेले आणि मीटर मंद चालल्यामुळे न मोजलेले पाणी हा दुसरा. आणि जमिनीत मुरणारी खरी गळती हा तिसरा. पहिल्या दोन वाट्यांतले पाणी कोणी तरी प्यालेले, वापरलेले असते. वस्तीतल्या सार्वजनिक नळावर हंडा भरणाऱ्या बाईचे पाणी आणि फुटक्या नळातून मातीत गेलेले पाणी एकाच आकड्यात घालून त्या आकड्याला ‘गळती’ म्हणणे हा केवळ शास्त्रीय ढिसाळपणा नाही, त्यात अन्यायही आहे.

दुसरी अडचण वजाबाकीची आहे. समजा, एका गावात दररोज १०० लाख लिटर पाणी सोडले जाते आणि ७० लाख लिटर वापरले जाते. गळती ३० टक्के. आता दोन्ही मोजमापांत दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते असे धरा. निम्म्या घरांना मीटरच नसतील, तर हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. सोडलेले पाणी ९० ते ११० आणि वापर ६३ ते ७७. म्हणजे गळती १४ टक्केही असू शकते आणि ४३ टक्केही. दोन मोठ्या, जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी केली की चूक फुगते, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतो. नगरपालिकेच्या अहवालात मात्र तीच वजाबाकी ‘३१.४ टक्के’ अशी दशांशासह छापली जाते.

तिसरी अडचण छेदाची आहे, आणि शिक्षकांना तीच सर्वांत उपयोगी पडेल. एका गावात दररोज ८० लाख लिटर पाणी वापरले जाते आणि २० लाख लिटर गळते. गळती झाली २० टक्के, म्हणजे मानकात बसली. आता शाळाशाळांतून पाणी वाचवण्याची मोहीम निघाली, मुलांनी मनापासून काम केले आणि गावाचा वापर ६० लाख लिटरवर आला. जमिनीखालचे एकही भोक बदललेले नाही, गळती तीच २० लाखांची. पण टक्केवारी? ८० पैकी २०, म्हणजे २५ टक्के. गावाने काटकसर केली आणि गाव नापास झाले! याउलट, एखादा मोठा कारखाना भरपूर पाणी घेऊ लागला तर काहीही दुरुस्ती न करता टक्केवारी सुधारते. जे माप उधळपट्टीला बक्षीस देते आणि काटकसरीला दंड करते, ते पाणीबचतीच्या पाठात कसे चालेल?

या तिन्ही अडचणींपेक्षा गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती खास आपल्याकडची आहे. ती म्हणजे पुरवठ्याचे तास. युरोपातल्या शहरांत नळ चोवीस तास भरलेले असतात. आपल्या बहुतेक गावांत चावीवाला सकाळी व्हॉल्व्ह फिरवतो, तास-दोन तास पाणी येते, मग नळ रिकामे होतात. नळात दाब असेल तेवढाच वेळ तो गळतो. आता दोन गावे घ्या. दोन्हींत दररोज १०० लाख लिटर पाणी सोडले जाते आणि दोन्हींत २० लाख लिटर गळते. एका गावात पाणी चोवीस तास असते. तिथे ताशी सुमारे ८३ हजार लिटर गळते. दुसऱ्या गावात पाणी दोनच तास असते. तिथे ताशी १० लाख लिटर गळते. दुसऱ्या गावाचे जाळे पहिल्याच्या बारापट खराब आहे. अहवालात मात्र दोघांपुढे वीसच लिहिलेले आहे.

आणि ज्या दिवशी कोणी तरी उत्साहाने या दुसऱ्या गावात चोवीस तास पाणी सोडायचे ठरवेल, त्या दिवशी तितक्याच दाबाखाली गळती २४० लाख लिटर होईल. गावाकडे मुळात पाणीच १०० लाख लिटर आहे! जाळे दुरुस्त न करता नुसते तास वाढवले तर योजना बुडते ती अशी. मग ‘आपल्याकडे चोवीस तास पाणी शक्य नाही, आधी नवे धरण हवे’ असा निष्कर्ष निघतो. धरणाला आणि तिथून येणाऱ्या जलवाहिनीला मोठा निधी लागतो. तो मिळतो, त्याचे भूमिपूजन होते. घरजोडण्या बदलण्याच्या कामाचे भूमिपूजन झालेले माझ्या पाहण्यात नाही. वीस टक्क्यांचा आकडा हातात असेल, तर हा निष्कर्ष चुकीचा आहे हे सभागृहात कोणाला सिद्धही करता येत नाही.

तास कमी ठेवून गळती कमी भासवण्याची किंमत आरोग्यात मोजावी लागते. नळ रिकामा झाला की ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर गेले, त्याच भोकातून दुपारी बाहेरचे पाणी आत येते. आपल्या कित्येक घरजोडण्यांचे लोखंडी पाइप गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेले असतात. तिथे ‘बाहेरचे पाणी’ म्हणजे काय, हे सांगायला नको. कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जोडशहराच्या काही भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पुरवठा सुरू झाला आणि उरलेल्या शहरात जुनीच पद्धत चालू राहिली. संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चोवीस तास पुरवठ्याच्या भागात नळाच्या पाण्याच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हे जंतू सापडले. खंडित पुरवठ्याच्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. (टक्केवारी कुठे योग्य असते याचे हे चांगले उदाहरण. येथे छेद म्हणजे तपासलेले नमुने. तो कोणाच्या वापराने लहानमोठा होत नाही.)

आता दाबाकडे वळू. नळ गळतो तो किती? टॉरिचेलीने सतराव्या शतकात दाखवले की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. समजा, जमिनीखालच्या नळाला ६ मिलिमीटर व्यासाचे भोक आहे आणि नळात ३० मीटर पाण्याचा दाब आहे, म्हणजे प्लंबरच्या गेजवर ‘तीन किलो’. वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर येतो. धार आकुंचन पावते म्हणून ०.६ ने गुणले, तर या भोकातून सेकंदाला सुमारे ०.४१ लिटर, म्हणजे दिवसाला ३५ हजारांहून अधिक लिटर पाणी जाते. माणशी १३५ लिटर या हिशेबाने अडीचशेहून अधिक माणसांचे पाणी झाले. आता भित्तिपत्रकावरचा गळका नळ घ्या. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर पडतात. पेन्सिलीपेक्षाही बारीक असे ते एक भोक आठ हजारांहून अधिक गळक्या नळांच्या बरोबरीचे आहे. गळका नळ बंद करू नये असे मी म्हणत नाही. पण मुलाला फक्त थेंबच दाखवला, तर पाणी वाया जाते ते आपल्या घरातल्या निष्काळजीपणामुळे, असेच त्याला वाटत राहते.

टॉरिचेलीचा नियम न बदलणाऱ्या भोकासाठी आहे. बिडाच्या नळाला गंजून पडलेले गोल भोक तसे असते. तिथे दाब निम्मा केला तर गळती ७१ टक्क्यांवर येते. पण प्लॅस्टिकच्या नळाला लांबट चीर पडली, तर दाबाबरोबर ती चीर स्वतःच उघडते. १९९४ साली जॉन मे यांनी इंग्लंडमध्ये हा विचार नीट मांडला. वेगाबरोबर क्षेत्रफळही वाढत असेल, तर गळती दाबाच्या दीडव्या घातापर्यंत किंवा त्याहूनही जास्त प्रमाणात वाढू शकते. अशा नळात दाब निम्मा केला, तर गळती ३५ टक्क्यांवर येते. एकही खड्डा न खणता! सगळ्या जाळ्याची सरासरी काढली तर हा घात पुष्कळदा एकच्या आसपास पडतो, म्हणजे दाब जितका कमी तितकी गळती कमी. चोवीस तास पुरवठ्याच्या शहरात रात्री वापर थांबतो, नळातले घर्षण कमी होते, दाब चढतो आणि गळती सर्वांत जास्त होते. अशा ठिकाणी रात्रीपुरता दाब उतरवणारा व्हॉल्व्ह हा गळतीवरचा स्वस्त इलाज ठरतो. अहवालात मात्र दाबाचा रकाना बहुधा नसतो.

विजेच्या बाबतीत टक्केवारी पूर्णच आंधळी आहे. एक हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटार यांची एकत्र कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.४५ युनिट. वरच्या एका भोकातून जाणारे पाणी इतके चढवून आणलेले असेल, तर वर्षाला सुमारे ५,९०० युनिट वीज मातीत जाते. पण पाणी किती चढवावे लागते हे गावागणिक बदलते. मुंबईला तानसा आणि मोडकसागरचे पाणी मुख्यत्वे उतारावरून येते. भातसाचे पाणी पंपाने उचलावे लागते. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येते आणि ते टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. तिथे दर हजार लिटरमागे दोन युनिटच्या आसपास वीज खर्च होते. तानसाचे गळलेले एक लिटर आणि कावेरीचे गळलेले एक लिटर टक्केवारीत सारखेच मोजले जातात. विजेच्या बिलात तसे नाही.

शिवाय घर्षण आहे. नळातून पाणी ढकलताना दाबाचा जो ऱ्हास होतो तो प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात असतो. ८० लिटर पोचवण्यासाठी १०० लिटर सोडावे लागले, तर प्रवाह सव्वापट होतो, घर्षण दीडपटीहून थोडे जास्त होते आणि घर्षणावर मात करण्याची वीज (प्रवाह गुणिले दाब) १.९५ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. गळती शेवटच्या टोकाला असेल तर हा हिशेब पूर्ण लागू पडतो, वाटेत असेल तर कमी. तरी ‘वीस टक्के’ या सौम्य शब्दांमागे काय दडलेले असते ते यावरून कळावे.

जुन्या बिडाच्या नळात आतून गंजाचे व क्षारांचे थर बसतात. व्यास दहा टक्क्यांनी घटला, तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलत असल्याने ते १.७ पट होते. असा नळ थेंबभरही गळत नसेल. गळतीच्या तक्त्यात तो आदर्श ठरेल आणि पंप रात्रंदिवस त्याच्याशी झगडत राहील. काही ठिकाणी तर मोठा पंप बसवून त्याच्यापुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलेला असतो. सायकलचा ब्रेक दाबून पेडल मारावे तसे ते आहे.

आणि नगरपालिकेच्या बिलात न दिसणारी वीज वेगळीच. उंच टाकीने कमावलेला दहा-पंधरा मीटरचा दाब आपण सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी ओतून शून्यावर आणतो आणि तेच पाणी आपल्या पंपाने पुन्हा गच्चीवर चढवतो. पाणी कमी दाबाने येते म्हणून कोणी नळालाच थेट मोटार जोडतो. त्यामुळे शेजाऱ्याचा दाब आणखी पडतो, मग शेजारीही मोटार घेतो. पुरवठ्यावर भरवसा नसल्याचा हा खर्च घराघरांतल्या बिलांत विखुरलेला असतो. त्याची बेरीज कोणी करत नाही.

टक्केवारीच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. परिस्थिती टोकाची असेल तिथे ती पुरेशी असते. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे १९९३ साली ७२ टक्के पाणी महसूलबाह्य होते. एक सोन चान यांच्या नेतृत्वाखाली तेथील जलप्राधिकरणाने मीटर बसवले, जुने नळ बदलले, बेकायदा जोडण्या शोधल्या आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत हा आकडा सुमारे ६ टक्क्यांवर आणला. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ७२ आणि ६ यांतला फरक ओळखायला सूक्ष्म माप लागत नाही. पण येथेही टक्केवारी त्या शहराचे श्रेय कमीच सांगते. याच काळात तिथला पुरवठा दिवसाला दहा तासांवरून चोवीस तासांवर गेला. जाळे होते तसे राहिले असते, तर एवढ्यानेच गळती जवळजवळ अडीचपट झाली असती. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास प्रत्येक नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. छोट्या गावाला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन यावे.

मग मोजायचे कसे? या क्षेत्रातल्या अभियंत्यांनी उत्तर केव्हाच दिलेले आहे: दर जोडणीमागे, नळात दाब असतानाच्या दर दिवसामागे किती लिटर गळती, आणि तेव्हा सरासरी दाब किती. त्यात वापर येत नाही, म्हणून काटकसरीला दंड होत नाही. तास धरले जातात, म्हणून चावी फिरवून लपवाछपवी करता येत नाही. याहून पुढचे माप म्हणजे प्रत्यक्ष गळती आणि त्या जाळ्यात टाळताच येणार नाही अशी गळती यांचे गुणोत्तर. अ‍ॅलन लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९९ साली मांडले. युरोपीय संघाच्या २०२० च्या पेयजल निर्देशात हे गुणोत्तर किंवा तशीच दुसरी योग्य पद्धत वापरायला सांगितले आहे. त्यातही खोट आहेच. दाब कमी केला की अंश आणि छेद दोन्ही घटतात, त्यामुळे गुणोत्तर जागीच राहते. तरी टक्क्यांपेक्षा ते बरे.

आणखी एक राशी मोजायला सोपी आहे: वेळ. मोठी जलवाहिनी फुटली की कारंजे उडते, छायाचित्र छापून येते आणि बारा तासांत ती दुरुस्त होते. ताशी ५० हजार लिटर गेले तरी एकूण ६ लाख लिटर. घरजोडणीच्या फेरूलजवळचे आपले ६ मिलिमीटरचे भोक चोवीस तास भरलेल्या नळात २०० दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, तर तिथून ७० लाख लिटरच्या वर पाणी जाते. गळती सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत किती दिवस गेले, ही नोंद ठेवणारी नगरपालिका टक्केवारी न काढताही पुढे असेल.

वर्गात हे सगळे करून पाहता येते. मीटरभर उंचीच्या पाइपला तळाशी भोक पाडून ९० आणि ४५ सेंटिमीटर उंचीला ठरावीक वेळात किती पाणी जमते ते मोजावे. उंची निम्मी झाली तरी पाणी निम्मे होत नाही, हे मुले स्वतः शोधतात. मग भोकाऐवजी सायकलच्या ट्यूबला ब्लेडने बारीक चीर देऊन ती जोडावी आणि तुलना करावी. शाळेच्या टाकीवरही एक चाचणी होते. शनिवारी शाळा सुटल्यावर टाकीत येणारे पाणी बंद करावे, सगळे नळ बंद असल्याची खात्री करावी आणि काठीने पातळी मोजावी. सोमवारी सकाळी पुन्हा मोजावी. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद टाकीची पातळी चार सेंटिमीटर उतरली असेल, तर १२० लिटर गेले. बेचाळीस तासांत, म्हणजे ताशी जवळजवळ तीन लिटर. पुढच्या शनिवारी मुताऱ्यांकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तेच करावे, त्याच्या पुढच्या शनिवारी बागेकडचा. ज्या आठवड्यात पातळी उतरत नाही, त्या फांदीत भोक आहे. शहराचे अभियंते पहाटे दोन ते चारच्या दरम्यान एकेक व्हॉल्व्ह बंद करत करतात ती चाचणी हीच. मात्र त्यासाठी नळात त्या वेळी पाणी असावे लागते.